बाबांचा फ्लॅश, माझा कॅमेरा

आईचा उजवा डोळा काढायचं ठरलं तेव्हा तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "पुढच्या बुधवारी ना? म्हणजे रविवार मोकळा आहे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, धक्क्यानं काहीतरी बडबडतेय. डोळ्याच्या आत गाठ होती, ती पसरायच्या आधी डोळाच काढणं भाग होतं, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. दुसरा डोळा ठणठणीत आहे, नंतर कृत्रिम डोळा बसवता येतो, बघणाऱ्याला कळतही नाही, वगैरे. आईनं सगळं ऐकून घेतलं, पर्स काखेत मारली आणि खाली रिक्षात बसता बसता म्हणाली, "रविवारी माझा एक फोटो काढ. दोन्ही डोळे उघडे असलेला. भिंतीवर लावायला."

"काढते की. त्यात काय एवढं," मी म्हणाले. घरी येईपर्यंत मी रिक्षाच्या बाहेरच बघत होते, कारण आत बघितलं असतं तर रडले असते. तो मंगळवार होता.

आता, त्यात काय एवढं, हे आमच्या घरच्या कुणालाही विचारा. आईचे डोळे फोटोत मिटतात, ही आमच्याकडे जगजाहीर गोष्ट आहे. भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती जिथे जिथे आहे तिथे झोपलेली आहे. अक्षता टाकताना झोपलेली, विहीणबाईंना भेटताना झोपलेली, स्टेजवर उभ्या उभ्या झोपलेली. फोटोग्राफर बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला होता, "काकू, एकदा तरी." काकूंनी डोळे असे ताणून धरले की मला तिची भीती वाटली, आणि फोटोत बघावं तर बंद. नातेवाइकांत हा विनोद होऊन बसला होता. आईही हसायची. ती खरंच हसायची की नुसतं दाखवायची, हे मी कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाईल आहे ना हातात? आहे. पण त्या दिवसांत तिला उजेडच सोसत नव्हता. गॅलरीत उभी केली की डोळे बारीक, पाण्यानं डबडबलेले आणि कपाळभर आठ्या. आत पडदे ओढून बसवली की डोळे छान उघडे राहायचे, पण तेवढ्या उजेडात मोबाईलचा फोटो पिठात लोळवल्यासारखा यायचा. आणि तिला तो मोठा करून हवा होता. हॉलमध्ये बाबांचा फोटो आहे, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसलेले, ओठांवर अर्धवट हसू. त्याच्या शेजारी, त्याच मापाचा, त्याच खुर्चीतला. "नंतर माझाही लागेलच ना तिथे," ती म्हणाली. "मग एक डोळा असलेला कशाला लावता? नातवंडं विचारत बसतील."

मी ह्यावर ओरडले. मला राग आला की मी ओरडते, हा माझा जुना रोग आहे. आईनं शांतपणे कुकरची शिट्टी काढून ठेवली आणि म्हणाली, "ओरडून झालं की कॅमेरा काढ."

माझ्याकडे कॅमेरा होता. अंधेरीला एमआयडीसीत मी ज्या कंपनीत क्वालिटी बघते तिथे दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना फोटोग्राफीचं वेड लागलं होतं, तेव्हा घेतलेला. वेड उतरलं, कॅमेरा कपाटात गेला. मंगळवारी संध्याकाळी मी तो चार्ज केला, हॉलचे पडदे ओढले, आईला खुर्चीत बसवलं आणि कॅमेऱ्याच्या डोक्यातून टुणकन वर येणारा छोटा फ्लॅश उघडला. क्लिक. डोळे बंद. क्लिक. बंद. मी म्हटलं, तीनवर काढते, एक, दोन, तीन. बंद. न सांगता काढला. बंद. वीस फोटो झाले. विसाच्या वीस फोटोंत माझी आई दोन्ही डोळे मिटून शांतपणे बसली होती, आणि पुढच्या बुधवारचा विचार डोक्यात असताना ते बघणं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं. फोटोग्राफीचं वेड न उतरलेला तो एकटाच. "अगं, तो डबडा फ्लॅश वापरतेस? मोठा लाव ना यार," असं म्हणून गुरुवारी त्यानं स्वतःचा मोठा फ्लॅश आणून दिला. माझ्याच कॅमेऱ्याच्या कंपनीचा, कॅमेऱ्यावर बसवला की दोघं आपापसांत बोलून किती उजेड पाडायचा ते ठरवतात असा. डोळ्यात लाल ठिपका येऊ नये म्हणून एक सेटिंग असते, ती बंद कर, त्यानंच डोळे मिटतात, हेही त्यानं शिकवलं. मला एकदम हायसं वाटलं. घरी येऊन सेटिंग बंद केली, छताकडे तोंड करून फ्लॅश मारला, सरळ मारला, कागद लावून मारला. फोटो काय सुंदर आले! आईच्या साडीचा काठ, कानातली कुडी, गालावरची लव, सगळं झकास. आणि डोळे बंद.

"माझं काही नाही," आई म्हणाली. "तुझ्या कॅमेऱ्यातच काहीतरी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं. तूच मिटतेस."

"ह्यांनी काढले तेव्हा नाही मिटले ते? ह्यांची फ्लॅशगन लाव."

"आई, प्लीज. ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. दुसऱ्या कंपनीची. ती ह्याच्यावर चालत नाही."

"लावून बघितलीस?"

"तुला त्यातलं कळत नाही, तू थांब ग."

हे वाक्य मी म्हणाले. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

पण तिचं ते "ह्यांनी काढले तेव्हा नाही मिटले" डोक्यात राहिलं. बाबा सरकारी छापखान्यात होते, पण बिल्डिंगमधल्या कुठल्याही बारशाला, मुंजीला, हळदीकुंकवाला कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. मी माळ्यावरून जुने अल्बम काढले आणि जेवणं बाजूला ठेवून बघत बसले. चौथ्या मजल्यावरचं हळदीकुंकू: आई वाण देतेय, डोळे उघडे. भावाची मुंज: आई घास भरवतेय, डोळे उघडे. गच्चीवरची कोजागिरी, मागे मिट्ट काळोख, म्हणजे फ्लॅशशिवाय शक्यच नाही, आणि आई चक्क कॅमेऱ्यात बघून हसतेय. एकेक पान उलटत गेले. एकाही फोटोत तिचे डोळे बंद नव्हते. ह्या बाईला फोटोत झोपण्याची सवय कधी लागली? मी हिशेब लावला तर बाबा गेल्यानंतर. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मी काय सांगत होते?"

आता मी क्वालिटीवाली बाई. कारणाशिवाय दोष नसतो, हे मी रोज दहा जणांना ऐकवते. बाबा गेले आणि आईचे डोळे मिटायला लागले, हे कारण मी कुठल्या फॉर्ममध्ये भरू? पण दुसरं कारणही मला सुचत नव्हतं.

बाबांचा कॅमेरा कधीच गेला होता. भिंगात बुरशी धरली आणि भंगारात गेला. फ्लॅश मात्र आईच्या कपाटात होता, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला. वापर झाला की सेल काढून ठेवायचे, ही बाबांची सक्त शिस्त. त्यामुळे आत सेल पाझरले नव्हते, गंज नव्हता. घड्याळासाठी आणलेले चार नवे सेल घातले, बटण सरकवलं. आधी काहीच नाही. मग आतून डासासारखा बारीक आवाज यायला लागला, वर वर चढत गेला, आणि दोन-अडीच मिनिटांनी मागचा नारिंगी दिवा लागला. आईनं मफलर उचलून घडी केली आणि मांडीवर ठेवली.

तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसायला बसत होता. पण उलटा करून बघितलं तर पिनांचा घोळ निघाला. फ्लॅशच्या बुडाला मधोमध एक मोठी पिन, आणि आजूबाजूला तीन छोट्या. कॅमेऱ्याच्या खाचेतही मधोमध एक टिकली आणि भोवती चार, पण भलत्याच ठिकाणी. मी फ्लॅश न बसवता आधी इंटरनेटवर बघितलं, आणि तिथे माझी वाट लागली. एक जण सांगतो, दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश बिनधास्त लावा, फक्त उजेड स्वतः ठरवावा लागेल. दुसरा सांगतो, खबरदार, जुन्या फ्लॅशमधून विजेचा मोठा दाब उलटा येतो आणि कॅमेऱ्याचा बोर्ड जळतो. तिसरा म्हणतो, माझा जळला. चौथा म्हणतो, मी वीस वर्षं वापरतोय. पाचव्यानं चौथ्याला शिव्या घातल्या होत्या. शेवटी मला हेही कळेना की आपण फ्लॅशला घाबरायचं की कॅमेऱ्याला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर सगळेच शहाणे होते.

मी आईला हे सगळं सांगितलं, खरं तर तिच्यासमोर चरफडले. तिनं चष्मा लावून फ्लॅशचं बूड आणि कॅमेऱ्याची खाच शेजारी शेजारी धरून बघितली. आई तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. "मधली तार दोन्हीकडे एकाच जागी आहे," ती म्हणाली. "ती लागली की पुरे. बाकीच्यांचं एकमेकांशी जमत नसेल तर त्यांना बोलू देऊ नकोस."

"एवढं सोपं नसतं ते."

"नसेल," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मेट्रोनं घाटकोपरला उतरले आणि स्टेशनजवळ कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. समोर दोन पोरी पासपोर्ट फोटोंची वाट बघत उभ्या. काकांनी फ्लॅश हातात घेतला आणि आधी सेलचं झाकण उघडून आत डोकावले. "किसका है? बहोत संभालके रखा है," ते म्हणाले. मग मीटरच्या दोन तारा फ्लॅशच्या बुडाला टेकवल्या आणि काट्याकडे बघत राहिले.

"आठ व्होल्ट. लगा दो. दोसौ आता तो मैं खुद मना करता."

"पण काका, कंपनी वेगळी आहे. पिना जुळत नाहीत."

"मॅडम, बीच का पिन सबका सेम. बाकी के पिन अपने-अपने कंपनी की भाषा बोलते." असं म्हणत त्यांनी काळ्या चिकटपट्टीचे तीन बारीक तुकडे कापले आणि चिमट्यानं तिन्ही छोट्या पिनांवर चिकटवले. "अब ये चूप. सिर्फ बीचवाला बोलेगा. कॅमेरा को मालूम भी नहीं पडेगा के ऊपर फ्लॅश बैठा है. सब आपको हात से सेट करना."

शब्दाशब्दाला तेच, जे आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. निघताना मी त्यांना आईच्या डोळ्यांचं सांगितलं, हे सगळं कशासाठी चाललंय तेही. काकांनी फ्लॅश माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले की नवीन फ्लॅश दोनदा चमकतो. आधी एक छोटा, उजेड मोजायला, आणि लगेच दुसरा मोठा, फोटोचा. आपल्याला एकच वाटतो. पण काही लोकांच्या पापण्या फार जलद असतात, पहिल्याला मिटतात आणि दुसऱ्यात पकडल्या जातात. जुना फ्लॅश एकदाच चमकतो.

"दोनदा? मी तर एकदाच बघते."

"आपकी आँख स्लो है. मम्मी की फास्ट है," ते म्हणाले आणि पासपोर्टवाल्या पोरींकडे वळले.

घरी येऊन मी सहकाऱ्याच्या फ्लॅशपुढे आरसा धरून दहा वेळा बघितलं. मला दहाही वेळा एकच चमक दिसली. डोळ्यांसमोर हिरवे डाग नाचायला लागले तरी दुसरी काही सापडली नाही. आता नेमकं खरं काय धरायचं? काकांचं, आईचं, की माझ्या डोळ्यांचं? शनिवार मी ह्याच गोंधळात काढला. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून हॉस्पिटलचा फोन आला, रक्ताच्या तपासण्या पुन्हा करून घ्या. तिथेच अर्धा दिवस गेला. परत येताना आई म्हणाली, "उद्या नाही जमला तर राहू दे हं. जीव टाकू नकोस." ते ऐकल्यावर तर मला तो फोटो काढणं भागच होतं.

रविवारी सकाळी अकराला पडदे ओढले. आई मोतिया रंगाची साडी नेसून, केसांना तेल लावून, कुंकवाची टिकली लावून खुर्चीत बसली. बाबा गेल्यावर लोकांनी काय काय सांगितलं तरी तिनं टिकली सोडली नव्हती. मी बाबांचा फ्लॅश खाचेत सरकवला. फिट्ट बसला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्लॅशची खूण काही येईना, काका म्हणाले तसं त्याला पत्ताच नव्हता. मी मनाशी हिशेब केला. आई पापण्या मिटण्यात फास्ट, तर आपण तिच्याहून फास्ट व्हायचं. शटर एकदम वेगात ठेवायचं, सेकंदाचा पाचशेवा भाग. मिटायच्या आत पकडायचं. माझ्यातल्या क्वालिटीवालीला हे इतकं पटलं की विचारू नका.

"काटा साठावर आहे ना?" आईनं विचारलं.

"आई, तू हलू नकोस. ते जुन्या कॅमेऱ्यांना असायचं."

"बरं."

चेहरा नीट भरावा म्हणून मी कॅमेरा उभा धरला. नारिंगी दिवा लागायची वाट बघितली आणि बटण दाबलं. फट्‌ करून जुन्या वळणाचा मोठा उजेड पडला. मी पडद्यावर बघितलं आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली.

फोटो अर्धा काळा होता. उभा, सुरीनं कापल्यासारखा. एका बाजूला आईचा अर्धा चेहरा लख्ख, आणि नाकाच्या मधोमध रेघ मारल्यासारखा दुसरा अर्धा गायब. आणि गेला होता तो उजवाच अर्धा. जो डोळा बुधवारी जायचा होता, त्याच्या जागी नुसता काळोख.

मी कॅमेरा सोफ्यावर आपटला. काय काय बोलले आठवत नाही. फ्लॅशला शिव्या दिल्या, काकांना दिल्या, कंपन्यांना दिल्या, मेल्यांनो एकसारख्या पिना करायला काय जातं तुमचं, असं त्या अंधाऱ्या हॉलमध्ये ओरडले. मग खाली फरशीवर बसून रडले. पाच दिवस तिच्यासमोर दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. मला भीती वाटत होती, ती मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. "मला भीती वाटते गं आई," असं म्हणाले, आणि मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

आई उठली. तिनं सोफ्यावरून कॅमेरा उचलला, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही पण रडणार.

"अगं, उघडा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"डोळा. जो आलाय तो उघडा आहे. बघ."

मी बघितलं. खरंच. त्या अर्ध्या चेहऱ्यातला डावा डोळा टक्क उघडा होता, माझ्याकडे बघत होता. किती वर्षांनी बघितला मी तो, फोटोत.

"असाच अर्धा काळा यायचा माझाही," आई म्हणाली. "ह्यांचा अर्धा चेहरा जायचा. आख्खा रोल फुकट घालवला होता मी. काटा साठाच्या वर गेला की अर्धंच येतं. म्हणून तर साठ पाठ झालंय."

मी डोळे पुसत तिच्याकडे बघत राहिले. "तुझा? तू कधी काढलेस फोटो?"

तिनं भिंतीकडे हात केला. बाबांच्या फोटोकडे. "हा मग कोणी काढला?"

लहानपणापासून घरातले सगळे फोटो बाबा काढायचे. मग बाबांचा फोटोही बाबांनीच काढला असणार, असं माझं डोकं चालत होतं की काय, देव जाणे. तो फोटो वर्षानुवर्षं मी पुसत होते, हार बदलत होते. कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

"रिटायर व्हायच्या आधी म्हणाले, मी सगळ्यांचे काढले, माझा कोण काढणार? मी म्हटलं, द्या इकडे. तीन रविवार शिकवलं मला. तुम्ही दोघं क्लासला जायचात तेव्हा. पहिला रोल धुऊन आला तर सगळे अर्धे. इतके हसले, इतके हसले." आई खुर्चीत परत बसली, पदर सारखा केला. "काटा साठावर. भिंग आठावर. आणि शोकेसला पाठ टेकवून उभी राहा, तिथून ही खुर्ची बरोब्बर पाच फूट. शोकेस हलवलेली नाही मी."

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तू ऐकून घेतेस का?"

काखेत कळसा आणि मी घाटकोपरला वळसा घालून आले होते. मी शटर साठाव्या भागावर आणलं, भिंगाचं तोंड आठावर. शोकेसला पाठ टेकवली. काचेचा गारवा ब्लाऊजमधून लागला. नारिंगी दिवा लागला. आईनं माझ्याकडे बघितलं, नाही, माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या त्या फ्लॅशकडे, आणि तिच्या ओठांवर ते अर्धवट हसू आलं. बाबांच्या फोटोत आहे तेच. मी बटण दाबलं. एकदाच. दुसरा काढला नाही.

दोन्ही डोळे उघडे होते. उजवा थोडा लालसर, डावा स्वच्छ, आणि दोन्हीत एकेक पांढरा ठिपका.

सहकाऱ्याला सोमवारी सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "सिंपल आहे ना, तो एकदाच चमकतो, आधीची चमक नाही, म्हणून." असेल. आईला हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझा कॅमेरा आधी घाबरवतो आणि मग फोटो काढतो. ह्यांचं तसं नव्हतं." ह्यात कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी क्वालिटीत आहे, मला ठरवता यायला हवं होतं. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर तोंडाला चिकटपट्टी लावून बसलेला तो फ्लॅश, त्यानं आईला काय सांगितलं की ती मिटली नाही, मला माहीत नाही.

बुधवारी ऑपरेशन झालं. गाठ आतल्या आतच होती, पसरली नव्हती. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पुन्हा एकदा रडले, ह्या वेळी आनंदानं. फोटो घराजवळ मुलुंडलाच मोठा करून घेतला, काळ्या चौकटीत. आई घरी आल्यावर तो कुठे लावायचा विचारलं तर म्हणाली, "आत्ताच कशाला? मी आहे अजून. कपाटात ठेव." मफलर काढून तिनं फोटो त्या जागी ठेवला. मफलर आता ती डोक्याला बांधते, कानाला वारं लागू नये म्हणून.

दीड महिन्यानं, कृत्रिम डोळ्याचं माप द्यायला जायच्या आदल्या रविवारी, तिनं मला हाक मारली. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. हॉलचे पडदे ओढलेले, आणि आई शोकेसला पाठ टेकवून उभी. हातात माझा कॅमेरा, त्यावर बाबांचा फ्लॅश.

"बस खुर्चीत," ती म्हणाली. "तू आमचे सगळ्यांचे काढतेस. तुझा कोण काढणार?"

"आई, तुला दिसणार आहे का नीट? धडपडशील, ठेव तो."

"ह्यातून बघायला नाहीतरी एक डोळा मिटावाच लागतो," ती म्हणाली. "माझं एक काम कमी झालं." आणि तिनं कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.

मी खुर्चीत बसले. हात कुठे ठेवावेत कळेना. नारिंगी दिवा लागला, फट्‌ झालं. आईनं कॅमेऱ्याचा पडदा जवळ नेऊन बघितला, मान हलवली.

"मिटलेस," ती म्हणाली. "पुन्हा काढते. आणि रडू नकोस, गालावर चमकतं ते."